सौर घरातील संगणक : विजेचा जमाखर्च

सूर्यप्रकाशापासून मिळविलेली वीज आपल्या देशातील दूरच्या वस्त्यांत प्रथम दिव्याच्या रूपाने आली. लडाखच्या दऱ्या, थरच्या वाळवंटातील ढाण्या, सुंदरबनातील बेटे अशा ठिकाणी तारा नेणे फार खर्चाचे होते. तेथे छपरावरील एक लहान पॅनेल आणि कोपऱ्यातील एक बॅटरी यांनी सूर्यास्तानंतरचे तीन-चार तास उजळले. दिव्यामागून पंखा आला, दूरचित्रवाणी आली, आणि आता त्याच घरांत संगणकही येऊ लागला आहे. कोठे तो मुलांच्या अभ्यासासाठी येतो, कोठे गावकऱ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानासाठी, तर कोठे दवाखान्यातील नोंदींसाठी. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेजच्या परिसरात दिव्यांबरोबर संगणकही सौर विजेवर चालविण्यात आले. तेव्हा हे काम शक्य आहे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कमीत कमी विजेत कसे साधावे, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. आजचा एक चांगला एलईडी दिवा ९ वॅटवर भागतो. मेजावरचा जुन्या घडणीचा संगणक मॉनिटरसह त्याच्या सुमारे दसपट वीज घेतो. वीजमंडळाच्या जाळ्यावर असलेल्या घरात हा फरक महिनाअखेरीस बिलात थोडासा दिसतो, आणि विसरलाही जातो. केवळ सूर्यावर विसंबणाऱ्या घरात मात्र जमेची बाजू ठरलेली असते. आज जेवढे ऊन पडले तेवढेच खर्चायचे. संगणकाने वाजवीपेक्षा अधिक घेतले तर मध्यरात्री पंखा थांबतो. आणि रोजच असे घडू लागले तर घरातील सर्वांत महागडी वस्तू, म्हणजे बॅटरी, वर्ष-दोन वर्षांत निकामी होते. म्हणून संगणक घरात आणण्यापूर्वी विजेचा जमाखर्च मांडून पाहणे आवश्यक आहे.

वॅट आणि वॅट-तास

जमाखर्च मांडण्यापूर्वी दोन मापांतील भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. वॅट हे शक्तीचे, म्हणजे वीज कोणत्या वेगाने खर्च होत आहे याचे माप आहे. वॅट-तास हे ऊर्जेचे, म्हणजे एकूण किती वीज खर्च झाली याचे माप आहे. नळाची धार आणि घागरीत साठलेले पाणी यांत जो संबंध, तोच या दोहोंत. ५० वॅटचे यंत्र ६ तास चालले तर ३०० वॅट-तास खर्च होतात. बिलावरील एक युनिट म्हणजे असे १००० वॅट-तास.

जमेची बाजूही याच मापाने मांडता येते. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील प्रखर प्रकाशात आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेले असतात. प्रत्यक्षात ऊन सकाळ-संध्याकाळ तिरपे असते, काचेवर धूळ बसते, आणि सिलिकॉनचा घट तापला की दर अंशामागे त्याचे उत्पादन सुमारे ०.४ टक्के घटते. या सर्व गोष्टी जमेस धरता, आपल्या देशात स्वच्छ हवेच्या दिवशी १०० वॅटच्या पॅनेलपासून सुमारे ४०० वॅट-तास मिळतील असा अंदाज धरून चालणे सुरक्षित असते. पावसाळ्यात हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

संगणक किती वीज घेतो?

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. संगणकाच्या पेटीत एसएमपीएस नावाचा जो वीजपुरवठ्याचा भाग असतो, त्यावर ४५० किंवा ५०० वॅट असा आकडा छापलेला असतो. हा आकडा त्या भागाची कमाल क्षमता दाखवितो. प्रत्यक्ष खर्च नव्हे. लेखन, हिशेब, पत्रव्यवहार अशा साध्या कामांत कार्यालयीन संगणकाच्या आतील भागांना साधारणतः ४० ते ६० वॅट पुरतात. मॉनिटरला आणखी सुमारे २० वॅट लागतात. चलचित्रांचे संपादन किंवा खेळ यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविले असेल, तर ते एकटेच जोराच्या कामात २०० वॅटच्या पुढे जाते. असे यंत्र लहान सौर घराच्या आवाक्यातले नाही, हे आरंभीच ओळखलेले बरे.

दुसऱ्या टोकाला आज एक वेगळा पर्याय उपलब्ध आहे. मांडीवरील संगणकासाठी घडविलेला कमी शक्तीचा प्रोसेसर एखाद्या पुस्तकाएवढ्या डबीत बसवून जे लहान संगणक विकले जातात, ते साध्या कामात सरासरी १० ते २० वॅटवर चालतात. मॉनिटर, कळफलक आणि माऊस पूर्वीचेच राहतात. वापरणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. २०१२ साली इंग्लंडमध्ये निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तर ५ वॅटच्या आसपास काम करतो. प्राथमिक शिक्षण आणि साधे लेखन यांना तो पुरतो.

नेमका खर्च जाणून घेण्याचा मार्ग सोपा आहे. भिंतीवरील सॉकेट आणि यंत्राची पिन यांच्यामध्ये लावावयाचे वीजमापक विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. ते लावून संगणक एक दिवस नेहमीप्रमाणे वापरावा आणि वॅट-तासांचा आकडा टिपून घ्यावा. पुढील सर्व निर्णय अंदाजावर न करता या आकड्यावर करावेत.

विजेचा फेरफटका

प्रकाश पडल्याने विद्युत्दाब निर्माण होतो, ही घटना फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेक्रेल यांनी १८३९ साली नोंदविली. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ साली तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजची पॅनेले २० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. परंतु एक गोष्ट तेव्हापासून बदललेली नाही. सौरघटातून निघणारी वीज ही एकाच दिशेने वाहणारी असते. तिला एकदिश प्रवाह, किंवा बाजारातील भाषेत डीसी, म्हणतात. बॅटरीत साठते तीही एकदिश वीजच.

आता संगणकाच्या आत पाहू. तेथील एसएमपीएस भिंतीतून आलेला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, घेतो. प्रथम त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि मग त्यापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे एकदिश प्रवाह तयार करतो. प्रोसेसरला तर अवघा एक व्होल्टच्या आसपास दाब लागतो. थोडक्यात, देणारा सौरघट एकदिश, साठविणारी बॅटरी एकदिश आणि घेणारा संगणकही एकदिश. तरीही इन्व्हर्टर मध्ये घालून आपण विजेला प्रत्यावर्ती बनवितो, आणि लगेच एसएमपीएस तिला पुन्हा एकदिश बनवितो.

यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राच्या साहाय्याने सहज कमी-अधिक करता येतो, म्हणून दूर अंतरावर वीज नेण्यासाठी तोच प्रवाह जगभर रूढ झाला, आणि घरगुती उपकरणेही त्याच्याच मापाने घडली. शेकडो कोसांवरून येणाऱ्या विजेला ही रीत योग्यच होती. छपरावरून दहा पावलांवरच्या मेजापर्यंत येणाऱ्या विजेला तिची तितकी गरज नाही.

प्रत्येक रूपांतरात विजेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हा अंश किती, हे एका उदाहरणाने पाहू. पुढील आकडे एखाद्या विशिष्ट यंत्राचे नाहीत. सर्वसाधारण घरात आढळणाऱ्या मर्यादेतील ते आहेत.

समजा, संगणकाच्या आतील भागांना ५० वॅट आणि मॉनिटरच्या आतील भागांना २० वॅट, मिळून ७० वॅट प्रत्यक्ष हवे आहेत. स्वस्त एसएमपीएस त्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यावर चालत असेल तर त्याची कार्यक्षमता ७५ टक्क्यांपर्यंत उतरते. मॉनिटरच्या अडॅप्टरची ८५ टक्के धरू. म्हणजे इन्व्हर्टरकडून सुमारे ९० वॅट घ्यावे लागतील. इन्व्हर्टर स्वतःच्या चालण्यासाठी १५ वॅट आणि पुढे पाठविलेल्या विजेवर सुमारे ५ टक्के घेतो असे मानले, तर बॅटरीतून ११० वॅट निघतील. शिसे-आम्लाच्या बॅटरीत घातलेल्या विजेपैकी सुमारे ८० टक्केच परत मिळते. म्हणून पॅनेलकडून १३७ वॅट आले पाहिजेत. ७० वॅटच्या कामासाठी १३७ वॅटची कमाई करावी लागली. जवळजवळ निम्मी वीज वाटेतच संपली.

तीन उपाय आणि त्यांचा क्रम

हे वाचल्यावर इन्व्हर्टर काढून टाकावा, असे कोणाच्याही मनात प्रथम येईल. तो उपाय खरा आहे. पण तो पहिला नव्हे. हिशेब काय सांगतो ते पाहू.

वरील संगणक तोच ठेवून इन्व्हर्टर काढला, आणि ९२ टक्के कार्यक्षमतेच्या एकदिश परिवर्तकाने बॅटरीची वीज योग्य दाबावर आणून सरळ यंत्रास दिली, तारांतील नुकसान ३ टक्के धरले, तर बॅटरीतून ७८ वॅट आणि पॅनेलकडून ९८ वॅट लागतील. १३७ वरून ९८, ही बचत लक्षणीय आहे.

आता इन्व्हर्टर तसाच ठेवून यंत्र बदलून पाहू. १५ वॅटचा लहान संगणक आणि २० वॅटचा मॉनिटर मिळून ३५ वॅट. अडॅप्टरसह इन्व्हर्टरवर सुमारे ४० वॅट, बॅटरीतून ५७, आणि पॅनेलकडून ७१ वॅट. म्हणजे जुन्याच वाटेने जाणारा लहान संगणक, सुधारलेल्या वाटेने जाणाऱ्या मोठ्या संगणकापेक्षा कमी वीज घेतो. मागणी कमी करणे हा पहिला उपाय तो यासाठीच. जी वीज मागितलीच नाही, तिच्यावर कोणत्याही टप्प्यावर जकात द्यावी लागत नाही.

लहान संगणकाला एकदिश वाटेने वीज दिली तर बॅटरीतून ३९ आणि पॅनेलकडून ४९ वॅट लागतात. येथेच दुसरा उपाय पुढे येतो, तो वेळेचा. दुपारी ऊन असताना काम केले, तर पॅनेलची वीज बॅटरीत न शिरता सरळ यंत्राकडे जाते. बॅटरीतील पाचव्या हिश्श्याचे नुकसान टळते आणि पॅनेलवर केवळ ३९ वॅटचा भार पडतो. शिवाय बॅटरी पूर्ण भरल्यावर दुपारनंतर येणारी वीज वापरली नाही तर ती फुकट जाते, कारण चार्ज कंट्रोलर तिला अडवून ठेवतो. ज्या कामांना ठरावीक घटका नाही, म्हणजे छपाई, मोठ्या फाइली उतरवून घेणे, यंत्रातील प्रणालीची डागडुजी, ती या वेळेत उरकावीत.

सहा तासांच्या वापराचा हिशेब असा होतो. मोठा संगणक, रात्री, इन्व्हर्टरवर : ८२२ वॅट-तास. लहान संगणक, दिवसा, एकदिश विजेवर : २३४ वॅट-तास. पहिल्यासाठी केवळ संगणकापुरते २०० वॅटहून अधिक पॅनेल लागते. दुसऱ्यास ६० वॅटचे पुरते. दोहोंतील अंतर ५८८ वॅट-तासांचे आहे. ही वीज बॅटरीत साठवून तिच्यावर एकदिश प्रवाहावर चालणारा २८ वॅटचा पंखा लावला, तर तो सुमारे १६ तास फिरेल. जैसलमेरकडच्या उन्हाळ्यात किंवा सुंदरबनातील दमट रात्री याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

इन्व्हर्टर ठेवावयाचा असेल तर

पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आधीच बसविलेला असतो आणि मिक्सर, शिवणयंत्र यांसाठी त्याची गरजही असते. अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, इन्व्हर्टर काम नसतानाही वीज खातो. वरील उदाहरणातील १५ वॅटचा स्वखर्च चोवीस तास चालू राहिला तर दिवसाला ३६० वॅट-तास होतात. लहान संगणकाच्या सहा तासांच्या वापराहून हा आकडा मोठा आहे. म्हणून काम संपताच इन्व्हर्टर बंद करावा, आणि तो घेताना गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नये; मोठ्या इन्व्हर्टरचा स्वखर्चही बहुधा मोठाच असतो.

दुसरी गोष्ट, इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या लहरीचा आकार. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात. पंखा तिच्यावर घुमल्यासारखा आवाज करतो, आणि काही आधुनिक एसएमपीएस तिच्यावर नीट चालत नाहीत. संगणकासाठी शुद्ध वक्राकार लहर देणारा, म्हणजे साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. लेसर छपाईयंत्र लहान इन्व्हर्टरवर लावू नये. शाई कागदावर पक्की करण्यासाठी त्यातील तप्त रूळ काही क्षण शेकडो वॅट ओढतो, आणि त्या धक्क्याने संगणकासह सर्व काही बंद पडण्याचा संभव असतो. शाईचे तुषार सोडणारे छपाईयंत्र या दृष्टीने सौम्य असते.

नवा एसएमपीएस घेण्याची वेळ आलीच, तर २००४ साली सुरू झालेली ‘८० प्लस’ ही खूण पाहावी. क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता असेल तरच ती मिळते. परंतु ५०० वॅटचा खुणेचा एसएमपीएस ५० वॅटच्या कामाला लावला, तर तो या मोजमापाच्या कक्षेबाहेरच चालतो, हे विसरू नये. भाराला साजेसा लहान एसएमपीएस अधिक हिताचा.

एकदिश वीज सरळ देताना घ्यावयाची काळजी

बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेले असते आणि संगणकालाही १२ व्होल्ट लागतात. मग दोन तारा सरळ जोडून का देऊ नयेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की १२ व्होल्ट हे बॅटरीचे केवळ नाव आहे. शिसे-आम्लाची बॅटरी भरली जात असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो, आणि भाराखाली रिकामी होताना ११ च्या आसपास उतरतो. मेजावरील संगणकांच्या रचनेसाठी इंटेल कंपनीने १९९५ साली घालून दिलेल्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टच्या वाहिनीत वर-खाली ५ टक्क्यांचाच फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६. सरळ जोडणी केल्यास भर दुपारी, बॅटरी भरत असतानाच, यंत्र जळण्याची भीती असते. म्हणून मध्ये दाब स्थिर ठेवणारा परिवर्तक अवश्य हवा. लहान संगणकांपैकी पुष्कळांना १९ व्होल्टचा अडॅप्टर असतो. बॅटरीच्या दाबापासून स्थिर १९ व्होल्ट देणारे परिवर्तक तयार मिळतात. यंत्रावर छापलेला दाब, प्रवाह आणि पिनेची धन-ऋण बाजू ही तिन्ही जुळल्याखेरीज जोडणी करू नये.

आणखी काही दक्षता आवश्यक आहेत. बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य मापाचा फ्यूज बसवावा. तारांचा अपघाताने संयोग झाल्यास बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि फ्यूज नसेल तर तार लाल होऊन आग लागते. एकदिश प्रवाह तोडताना स्विचमध्ये निर्माण होणारी ठिणगी सहज विझत नाही, म्हणून प्रत्यावर्ती प्रवाहासाठी केलेले साधे स्विच येथे वापरू नयेत; एकदिश प्रवाहासाठी प्रमाणित केलेलेच घ्यावेत. घरात दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केली असेल, तर त्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढण्याचा मोह टाळावा. ती एक अधिक रिकामी होते, दुसरी अधिक भरली जाते, आणि अल्पावधीत दोन्ही बिघडतात.

तारेची जाडी आणि ४८ व्होल्टचा मार्ग

कमी दाबाच्या विजेचा एक दोष आहे. तेवढीच शक्ती पोहोचविण्यासाठी तिला मोठा प्रवाह लागतो, आणि तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, बॅटरीपासून १० मीटर अंतरावर १२० वॅट न्यावयाचे आहेत. अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार जाऊन-येऊन २० मीटर होते. तिचा रोध सुमारे ०.१५ ओहम असतो. १२ व्होल्टवर प्रवाह १० अँपिअर आणि तारेतील नुकसान सुमारे १५ वॅट होते. हीच शक्ती ४८ व्होल्टवर नेली तर प्रवाह अडीच अँपिअर आणि नुकसान एका वॅटहूनही कमी. दाब चौपट केल्याने नुकसान सोळाव्या हिश्श्यावर आले. म्हणून १२ व्होल्टची व्यवस्था असेल तर संगणकाचे मेज बॅटरीजवळ ठेवावे आणि तार जाड घ्यावी.

हा विचार पुढे नेऊन आय.आय.टी. मद्रास येथील अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरासाठी ४८ व्होल्ट एकदिश विजेची संपूर्ण व्यवस्था विकसित केली. दिवे, पंखा, मोबाइल भरण्याची सोय हे सर्व तिच्यावर इन्व्हर्टरविना चालते. राजस्थानातील जोधपूर आणि जैसलमेर जिल्ह्यांत, जाळ्यापासून दूर असलेल्या हजारो घरांत ती बसविण्यात आली. २०१७ साली भारतीय मानक ब्यूरोने ४८ व्होल्टच्या एकदिश वितरणासाठी मार्गदर्शक मानकही प्रसिद्ध केले. ४८ व्होल्ट हा दाब तारेतील नुकसान आटोक्यात ठेवण्याइतका मोठा आणि कोरड्या हाताला सहसा धोका न पोहोचविण्याइतका लहान असल्याने ही निवड योग्य ठरली.

बॅटरीचे आयुष्य

सौर घरात संगणकाची खरी किंमत बॅटरीच्या झिजेत मोजावी लागते. शिसे-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. निम्म्याहून अधिक वापरू नये असा संकेत आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १२०० वॅट-तासांची असली, तरी वापरावयाची मर्यादा ६०० समजावी. मोठा संगणक इन्व्हर्टरवर रात्री तीन तास चालविला तर त्यांतील ३३० वॅट-तास त्यानेच संपविले. लहान संगणक एकदिश विजेवर चालविला तर १२० सुद्धा लागत नाहीत. उरलेल्या विजेत दिवे आणि पंखा निभावतात, आणि ढगाळ दिवसासाठी शिल्लकही राहते.

लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी महाग असते. परंतु ती ८० टक्क्यांपर्यंत रिकामी केली तरी चालते, आणि घातलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत देते. मात्र स्थळाचा विचार करावा. लडाखच्या हिवाळ्यात बॅटरीचे तापमान शून्य अंशाखाली गेले असता लिथियमची बॅटरी भरू नये. तिला घराच्या उबेत ठेवावे. तेथील थंडीत पॅनेल मात्र अधिक चांगले काम देते. याउलट तापलेल्या खोलीत शिसे-आम्लाची बॅटरी लवकर म्हातारी होते; तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अनुभव आहे. बॅटरीची जागा सावलीची, हवेशीर आणि स्वयंपाकाच्या जाळापासून दूर असावी.

जाळ्याला जोडलेले सौर घर

आतापर्यंतचे विवेचन स्वतंत्र सौर घराविषयी झाले. शहरांत आणि मोठ्या गावांत वेगळा प्रकार आढळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेले बसविण्याचे उद्दिष्ट ठेवून ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. अशा घरांत बहुधा बॅटरी नसते. दिवसाची जास्तीची वीज जाळ्यात जाते आणि रात्री जाळ्यातून परत घेतली जाते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना अनपेक्षित वाटते. जाळ्यातील वीज गेली की छपरावर लख्ख ऊन असूनही अशा घरातील वीज बंद पडते. तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी इन्व्हर्टर तशाच रीतीने घडविलेला असतो. म्हणून संगणकावरील काम वाचविण्यासाठी लहान यूपीएस लागतोच. या घरांत एकदिश विजेची वेगळी व्यवस्था करण्याचा खर्च सहसा भरून निघत नाही. मागणी कमी करण्याचा पहिला उपाय मात्र येथेही तितकाच लागू पडतो.

रोजच्या सवयी

शेवटी, पैसा न खर्चता होणाऱ्या बचतीकडे वळू. दहा मिनिटे काम थांबले की संगणकाने आपोआप निद्रावस्थेत जावे अशी योजना त्याच्या प्रणालीत करून ठेवावी. त्या अवस्थेत तो १ ते ३ वॅटवर राहतो. मॉनिटरचा प्रकाश खोलीच्या मानाने बेताचा ठेवावा. इंटरनेटचा राउटर लहान दिसतो, पण ८ वॅटचा राउटर चोवीस तासांत १९० वॅट-तासांच्या पुढे जातो. रात्री तो बंद करावा. काम संपल्यावर सर्व उपकरणे एकाच स्विचने तोडावीत, म्हणजे अडॅप्टरांची झिरपणारी वीज थांबते. आणि आठवड्यातून एकदा, सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी, पॅनेलची काच स्वच्छ पाण्याने पुसावी.

या सर्वांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रथम गरज ओळखून यंत्र लहान निवडावे. मग काम उन्हाच्या वेळेत आणावे. आणि त्यानंतरच विजेची वाट सरळ करावी. हा क्रम उलटा केला तर खर्च अधिक होतो आणि लाभ कमी मिळतो. योग्य क्रमाने गेल्यास साठ वॅटचे एक पॅनेल मुलाच्या अभ्यासाचा किंवा गावाच्या कामाचा संगणक दिवसभर चालवू शकते, आणि रात्रीचा दिवा व पंखा यांच्या वाट्याला हातही लावावा लागत नाही.